उलट्या शहराचे गणित

अंतराळातील साम्राज्ये, बंडे आणि आरमारी युद्धे यांच्या कथा सांगणारा जपानी अ‍ॅनिमेचा जो प्रकार ‘स्पेस ऑपेरा’ या नावाने ओळखला जातो, त्यातील एखाद्या आगामी मालिकेचा ट्रेलर प्रसिद्ध झाला की चाहते तो चौकटीचौकटीने थांबवून पाहतात. कोणाच्या गणवेशावर कोणते चिन्ह आहे आणि कोणते जहाज कोणत्या जुन्या जहाजाच्या घराण्यातले आहे, याचा कीस पाडला जातो. त्याच चौकटी भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिल्या तर एक गंमत लक्षात येते. जे दृश्य पाहून ‘हे काहीतरीच’ असे वाटते ते बहुधा हिशेबात बसते, आणि जे दृश्य डोळे बिनतक्रार मान्य करतात त्यातच निसर्गनियमांची मोडतोड झालेली असते.

या प्रकारातील सर्वांत परिचित दृश्यच घ्यावे. सकाळची वेळ आहे, शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी धापा टाकत रस्त्याने पळते आहे, कॅमेरा तिच्यावरून हळूहळू आकाशाकडे वळतो आणि ढगांच्या पलीकडे निळाईऐवजी दुसरे शहर दिसते, ज्यातील घरांची छपरे खाली, आपल्याकडे रोखलेली आहेत. हे शहर एका प्रचंड पोकळ नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर वसलेले आहे. १९७९ च्या एप्रिलमध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘मोबाइल सूट गंडम’ने हे दृश्य घरोघरी पोहोचवले आणि तेव्हापासून ते या प्रकाराचे जणू ओळखपत्र झाले आहे, परंतु त्याचा उगम चित्रकाराच्या कल्पनेत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांनी सप्टेंबर १९७४ च्या ‘फिजिक्स टुडे’ या नियतकालिकात अंतराळातील वसाहतींविषयी एक लेख लिहिला आणि त्यात लहानापासून मोठ्यापर्यंत चार आकारांची नळकांडी आकडेमोडीसह मांडली. त्यांतील सर्वांत मोठ्या नळकांड्याची त्रिज्या ३,२०० मीटर आणि लांबी ३२ किलोमीटर होती. अ‍ॅनिमेत दिसणारे उलटे शहर म्हणजे जवळजवळ हेच नळकांडे होय.

जत्रेतील ‘मौत का कुआ’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना यामागील तत्त्व वेगळे समजावण्याची गरज नाही. उभ्या लाकडी भिंतीवरून गरगर फिरणारा मोटारसायकलस्वार खाली पडत नाही, कारण वेगामुळे तो भिंतीवर दाबला जातो आणि भिंत त्याला सतत केंद्राकडे ढकलत राहते. विहिरीत भिंत स्थिर असते आणि स्वार फिरतो. वसाहतीत भिंतच फिरते आणि तिच्यावर उभा असलेला माणूस तिच्याबरोबर फिरतो. तळपायांना जाणवणारा भिंतीचा रेटा पृथ्वीवरील वजनाइतका हवा असेल, तर ३,२०० मीटर त्रिज्येच्या नळकांड्याने स्वतःभोवतीची एक फेरी सुमारे ११४ सेकंदांत पूर्ण करावी लागते. म्हणजे धापा टाकत पळणारी ती मुलगी, तिची शाळा आणि रस्त्यावरचे खांब हे सारे ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने फिरत असतात, आणि कोणाच्या हातातील चहाही हिंदकळत नाही.

मग एवढे मोठे नळकांडे कशाला, १०० मीटर त्रिज्येचे का नको, हा प्रश्न रास्त आहे. ओ’नील यांच्या यादीतील सर्वांत लहान नळकांडे तेवढेच होते. त्याला पूर्ण वजनासाठी सुमारे २० सेकंदांत एक फेरी मारावी लागते, आणि अडचण येते ती माणसाच्या कानात. तोल सांभाळणाऱ्या अंतःकर्णातील द्रवाला मिनिटाला तीन फेऱ्यांची गती मानवत नाही. नुसती मान वळवली तरी गरगरते, मळमळते. मिनिटाला एक-दोन फेऱ्या बहुतेकांना सवयीने सोसतात, म्हणूनच नासाच्या १९७५ च्या अभ्यासगटाने चाकाच्या आकाराची वसाहत कल्पिली तेव्हा मिनिटाला एकच फेरी धरली आणि त्यासाठी व्यास १.८ किलोमीटर ठेवला. प्रत्यक्षात माणसाने या दिशेने फार थोडे केले आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये ‘जेमिनी ११’ या यानाने ३० मीटरच्या पट्ट्याने दुसऱ्या यानाला बांधून घेऊन संथ गिरक्या घेतल्या होत्या, आणि त्यातून निर्माण झालेले ‘वजन’ पृथ्वीवरील वजनाच्या हजारव्या भागाहूनही कितीतरी कमी होते.

नळकांड्यातील जीवन पृथ्वीवरच्यासारखे दिसले तरी एका बाबतीत ते दगा देते, आणि ट्रेलरची खरी परीक्षा तेथेच होते. समजा, पन्नास मीटर उंच गच्चीवरून कोणी चेंडू सोडला. चेंडू हातात असतानाही फिरतच होता. मात्र तो अक्षाच्या जरा जवळ असल्याने त्याचा वेग जमिनीहून किंचित कमी होता. सुटल्यावर तो सरळ रेषेत जातो, जमीन मात्र तोवर थोडी पुढे सरकलेली असते, आणि म्हणून चेंडू गच्चीच्या बरोबर खाली न पडता फिरण्याच्या दिशेच्या उलट बाजूला सुमारे सहा मीटर मागे पडतो. पृथ्वीच्या विषुववृत्तावर एवढ्याच उंचीवरून सोडलेला चेंडू जेमतेम आठ मिलिमीटर सरकतो, आणि तोही पूर्वेला. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू मोठ्या वसाहतीत तीन सेंटिमीटर, तर १०० मीटर त्रिज्येच्या लहान वसाहतीत तब्बल अठरा सेंटिमीटर चुकतो. या परिणामाला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. वसाहतीत वाढलेल्या मुलांचे क्रिकेट आपल्यापेक्षा वेगळे असेल यात शंका नाही. उंच उडालेल्या झेलाखाली धावत जाण्याचे त्यांचे अंदाज पृथ्वीवर आल्यावर पार कोलमडतील. आजवर पाहिलेल्या ट्रेलरांमध्ये छपरावरून उडी मारणारे पात्र बरोबर खालीच उतरते, याची रुखरुख मला नेहमी लागते.

डोक्यावरील ढग मात्र खरे असू शकतात. अक्षाकडे जावे तसे वजन कमी होत जाते आणि नेमके अक्षावर ते शून्य होते, त्यामुळे तेथे हातांना पंख बांधून माणूस उडू शकेल. तेथील हवा मात्र फारशी विरळ नसते. जमिनीवर समुद्रसपाटीइतका दाब असेल तर अक्षावर तो सुमारे ८३ टक्के भरतो, म्हणजे साधारण कळसूबाईच्या माथ्यावर असतो तेवढा. ओ’नील यांच्या आराखड्यात भिंतीचे सहा उभे पट्टे होते, एकाआड एक तीन जमिनीचे आणि तीन काचेचे. बाहेरचे लांबच लांब आरसे सूर्यप्रकाश काचांतून आत टाकत, आणि आरशांचा कोन बदलून दिवस व रात्र घडवली जात असे. आरसे वसाहतीबरोबरच फिरत असल्याने रहिवाशांना सूर्य एका जागी स्थिर दिसतो. खरे तर त्याचे बिंब स्वतःभोवती गिरक्या घेत असते, पण ते गोल असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. एवढे मोठे फिरते नळकांडे भोवऱ्यासारखे आपल्या अक्षाची दिशा सोडायला तयार नसते, आणि वर्षभर सूर्याकडे तोंड ठेवायचे तर ती रोज सुमारे एक अंश वळवावी लागते. म्हणून ओ’नील यांनी परस्परविरुद्ध फिरणारी दोन नळकांडी जोडून ठेवली. चांगल्या ट्रेलरमध्ये ही जोडी दूरवरच्या दृश्यात दिसते.

ही वसाहत ठेवायची कोठे, याचे उत्तर १७७२ मध्ये गणितज्ञ जोसेफ-लुई लाग्रांज यांनी देऊन ठेवले होते. दोन मोठ्या गोलांच्या सान्निध्यात पाच अशा जागा असतात, जेथे लहान वस्तू त्या दोघांच्या तुलनेत आपली जागा धरून राहू शकते. गंडममधील वसाहतींचे समूह पृथ्वी आणि चंद्राच्या या बिंदूंभोवतीच वसलेले आहेत. पहिले तीन बिंदू अस्थिर आहेत. पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखी तेथील वस्तू घसरते आणि तिला वरचेवर सावरावे लागते. सूर्य आणि पृथ्वी यांच्या पहिल्या बिंदूभोवती, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, ६ जानेवारी २०२४ पासून भारताचे आदित्य-एल१ हे सूर्यनिरीक्षक यान फिरते आहे, आणि त्यावरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने साकारलेली आहे. त्या यानालाही कक्षा राखण्यासाठी अधूनमधून इंधन खर्चावे लागते. चौथा आणि पाचवा हे बिंदूसुद्धा गणिताच्या दृष्टीने टेकडीचा माथाच असतात, परंतु घसरू लागलेल्या वस्तूला वळवून माथ्याभोवती फिरत ठेवण्याचे काम तोच कोरिऑलिस परिणाम करतो, ज्याने वर चेंडू चुकवला. गंडममध्ये बंड करणारी वसाहत चंद्रापलीकडच्या दुसऱ्या बिंदूपाशी आहे. तिला चंद्राचा आडोसा मिळतो खरा, पण घसरणीशी झगडण्याचा खर्च तिच्या वाट्याला येतोच.

यानंतर ट्रेलरमध्ये युद्ध सुरू होते आणि डोळ्यांना पटणाऱ्या चुकाही सुरू होतात. निर्वात पोकळीत आवाज नसतो हे आता सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा त्यावर थांबण्याचे कारण नाही. लेझरची लखलखती रेषा मात्र अजून अनेकांना खरी वाटते. विसर्जन मिरवणुकीतील लेझरचे झोत दिसतात, कारण हवेतील धूळ आणि धूर त्यांचा थोडा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे विखुरतात. पोकळीत विखुरणारे काही नसल्याने बाजूने पाहणाऱ्याला लक्ष्य पेटलेले दिसेल, वाटेतील रेषा दिसणार नाही. लढाऊ यान वळताना एका अंगावर कलते, तेही हवेतल्या सवयीने. विमान कलते ते पंखांवरील हवेचा जोर वळणाच्या दिशेला झुकावा म्हणून. जेथे हवा नाही तेथे यानाने नाक कोठेही वळवले तरी इंजिन पेटेपर्यंत ते जुन्याच दिशेने घसरत राहते.

उलट, माणसासारखे हात-पाय असलेला अवाढव्य यंत्रमानव हात-पाय झाडून इंधनाशिवाय वळतो, हे हास्यास्पद वाटणारे दृश्य बिनचूक आहे. पाठीवर सोडलेले मांजर हवेत कशाचाही आधार नसताना वळून पायांवर उतरते. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये त्याची छायाचित्रमालिका टिपली, तेव्हा जाणकारही चक्रावले होते. मांजर अंगाचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांच्या तुलनेत असा फिरवते की एकूण कोनीय संवेग, म्हणजे साऱ्या शरीराच्या फिरण्याची गोळाबेरीज, शून्यच राहतो आणि तरीही अखेरीस दिशा बदललेली असते. १९६९ मध्ये केन आणि शेर या संशोधकांनी याचे गणित मांडले. गंडमच्या विश्वात पुढे रूढ झालेल्या कल्पनेनुसार यंत्रमानवाला हात-पाय असण्याचे एक कारण हेच सांगितले जाते. अवाढव्य पोलादी मांजर म्हणून त्याकडे पाहिले की तो अधिक आवडू लागतो.

एक वस्तू ट्रेलरमध्ये बहुधा नसतेच, ती म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे पंखे. वारा घालणारे नव्हेत, तर पसरट तावदानांसारखे. पोकळीत जहाज थर्मासमधील चहासारखे असते, त्याची उष्णता केवळ प्रारणाने बाहेर जाऊ शकते. २७ अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग फार तर ४६० वॅट बाहेर टाकतो, त्यामुळे १०० कोटी वॅट नको असलेली उष्णता निर्माण करणाऱ्या जहाजाला अशी दोन चौरस किलोमीटरहून अधिक तावदाने लागतील. तीच सुमारे १,२०० अंशांपर्यंत तापू दिली तर साडेतीन हजार चौरस मीटर पुरतात, पण मग ती नारिंगी झळाळत राहतात. अशी पेटलेल्या पंखांची जहाजे पडद्यावर किती देखणी दिसतील, हे चित्रकारांना अजून का सुचू नये?

ट्रेलरच्या अखेरीस वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडते आणि क्षणार्धात मोटारी, झाडे, माणसे बाहेर खेचली जातात. येथे हिशेब करून पाहावा. नळकांड्यात सुमारे एक लाख कोटी घनमीटर हवा असते. भगदाडातून हवा ध्वनीच्या वेगापेक्षा अधिक वेगाने निसटू शकत नाही, आणि गणित केल्यास दर चौरस मीटरमागे सेकंदाला आतील सुमारे २०० घनमीटर हवा बाहेर पडते. भगदाडाचा व्यास १०० मीटर धरला, म्हणजे क्रिकेटचे मैदान मावेल त्याहून थोडेसेच लहान, तरी दाब दहा टक्क्यांनी घटायला सुमारे १९ तास लागतात, आणि तो एक तृतीयांशाच्या आसपास यायला आठवडा उलटतो. व्यास १० मीटर असेल तर त्याच आठवड्याची जवळजवळ दोन वर्षे होतात. भगदाडाच्या मध्यापासून १०० मीटरवर ताशी ९० किलोमीटरचे वादळ असेल, तेथे उभे राहणे कठीण. परंतु अर्ध्या किलोमीटरवर सेकंदाला एक मीटरची झुळूक वाहत असेल, आणि तेथील लोकांना चालत घरी जाऊन सामान आवरता येईल.

भगदाडातून जो खरोखर खाली पडेल, त्याला बाहेरची पोकळी ओढत नसते. भिंत त्याला केंद्राकडे ढकलत होती, तो रेटा थांबला एवढेच. सुटल्या क्षणी जी दिशा होती त्याच दिशेने, स्पर्शरेषेत, ताशी ६४० किलोमीटर वेगाने तो सरळ जात राहतो. सुटण्याची वेळ अचूक नोंदलेली असेल तर नळकांड्याने तोवर किती फेरी पूर्ण केली होती हे कळते, त्यावरून दिशा कळते, आणि तासाभराने तो सुमारे ६४० किलोमीटरवर नेमका कोठे असेल हे बचावनौकेच्या चालकाला पाठलाग सुरू करण्यापूर्वीच कागदावर मांडता येते. पोशाखातील प्राणवायू तोवर पुरला पाहिजे, एवढीच अट आहे.