गल्ल्यावर न बसलेल्या मुलांसाठी : पुण्यातल्या कॉलेजांमधील उद्योजकता क्लबांची पार्श्वभूमी

कॉलेजं सुरू होऊन पहिला पाऊस ओसरला की पुण्यातल्या आवारांत टेबलं मांडली जातात. नाट्यमंडळाचं टेबल, एनएसएसचं टेबल, रोबोटिक्सचं टेबल, आणि त्यांच्या शेजारी ई-सेल, म्हणजे उद्योजकता क्लब. फॉर्म भरायला आलेली मुलं विचारतात आणि संध्याकाळी घरी त्यांचे आईवडीलही विचारतात : यातून मिळतं काय? टेबलामागच्या मुलांकडे उत्तर तयार असतं. सर्टिफिकेट मिळतं, ओळखी होतात, बायोडेटात एक ओळ वाढते. ते खोटं नाही, पण फार तोकडं आहे. क्लब नेमकं काय देतो हे समजायचं तर तो कोणती उणीव भरून काढायला आला ते पाहावं लागतं, आणि ती उणीव पुण्याला शंभर वर्षांहून जास्त काळ सलते आहे.

1890 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली. देश सगळा शेतीवर टेकलेला आहे, भांडवल विखुरलेलं आहे, पतपुरवठ्याची व्यवस्था नाही, कारागिरी मोडून पडते आहे, असं त्यांचं निदान होतं. त्याच काळात इथे लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय सुरू झालं. आज घोले रस्त्यावर महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून आपण ते ओळखतो. शाळेच्या सहलीत मुलं तिथे जुन्या वस्तू बघून येतात, पण त्याच्या मूळ नावातला ‘औद्योगिक’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. देशात काय तयार होतं आणि काय तयार होऊ शकतं ते लोकांनी डोळ्यांनी पाहावं, ही त्यामागची कल्पना होती.

पुढचं पाऊल तळेगावला पडलं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं आणि 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावात उभा राहिला. या कारखान्याने नुसती काच बनवली नाही, काचकाम शिकवलंही. इथे शिकलेली माणसं बाहेर पडली आणि ते ज्ञान दूरवरच्या भट्ट्यांपर्यंत घेऊन गेली. लोकांच्या वर्गणीतून माणसं तयार करण्याचा असा प्रयोग त्या काळात झाला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण या सगळ्या धडपडीत एक गोष्ट निसटत होती. परिषदेत भाषण ऐकणारा, फंडाला पैसा देणारा वर्ग होता वकील, मास्तर, कारकून यांचा. त्यांच्या घरात महिन्याच्या एक तारखेला पगार यायचा. रविवार पेठेतल्या एखाद्या किराणा व्यापाऱ्याच्या घरी मूल कानावर काय घेऊन वाढतं? कुणाची उधारी थकली, गुळाचा भाव कधी चढला, कोणत्या गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं. दहाव्या वर्षी ते मूल गल्ल्यावर बसतं. सकाळची भवानी झाली नाही तर वडिलांचा चेहरा कसा होतो, हे त्याने पाहिलेलं असतं. नोकरदाराच्या मुलाला यातलं काहीच पाहायला मिळत नाही. हुशारी त्याच्याकडेही तेवढीच असते, फक्त या गोष्टी त्याच्या जेवणाच्या ताटापर्यंत कधी पोहोचत नाहीत. ‘मराठी माणूस धंद्यात मागे का’ या विषयावर आपण पिढ्यान्‌पिढ्या परिसंवाद भरवले. स्वभावाला दोष दिला, संस्काराला दोष दिला. मला वाटतं, दोष बराचसा या न ऐकलेल्या गप्पांचा आहे. पुण्यात पुढे जे जे उभं राहिलं ते घरात न मिळालेलं हे शिक्षण बाहेर कुठून तरी मिळवून देण्याचा प्रयत्न होता, असं धरून पाहिलं की सगळे तुकडे जुळतात.

1934 मध्ये मराठा चेंबर, म्हणजे व्यापारी-कारखानदारांची संघटना, स्थापन झालं. स्वातंत्र्याच्या आसपास कारखानदारी आली : 1946 मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1961 मध्ये भारत फोर्ज, पुढे बजाज आणि टेल्को (आजची टाटा मोटर्स). 1962 मध्ये एमआयडीसी झाली आणि भोसरी-पिंपरी-चिंचवडचा पट्टा बदलून गेला. इथे एक वेगळी शाळा आपोआप तयार झाली. मोठ्या कंपनीत टूलरूममध्ये किंवा खरेदी खात्यात दहा-पंधरा वर्षं काढलेला माणूस दोन जुनी लेथ घेऊन भोसरीत शेड टाकायचा आणि आपल्याच जुन्या कंपनीला सुटे भाग बनवून पुरवायचा. पुण्यातल्या कितीतरी लघुउद्योगांची सुरुवात अशी आहे. मात्र या शाळेची फी मोठी होती. चाळिशी गाठेपर्यंत थांबायचं, मग पीएफ मोडायचा, बायकोचे दागिने गहाण टाकायचे, आणि चुकलं तर मुलांचं शिक्षण अडायचं. पहिली चूक करायला हे वय फार महाग आहे.

सरकारने 1980 च्या दशकात यात लक्ष घातलं. 1982 मध्ये केंद्राने विज्ञान व तंत्रज्ञान खात्यात उद्योजकता विकासासाठी राष्ट्रीय मंडळ नेमलं. त्याच वर्षी पुण्यात मिटकॉन ही उद्योगांना सल्ला देणारी संस्था सुरू झाली. 1988 मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं, तेव्हाच्या औरंगाबादला मुख्यालय ठेवून. याच दशकात पुणे विद्यापीठाच्या आवारात सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्क उभं राहिलं. प्रकल्प अहवाल कसा लिहायचा, बँकेत काय विचारतात, कोणता परवाना कुठे मिळतो, हे वर्गात शिकवायला लागले. काम मोलाचं होतं. पण समोर बसलेला माणूस बहुधा शिक्षण संपवून आलेला असायचा. तोवर घरचे विचारू लागलेले असायचे, नोकरीचं काय झालं?

आणि नोकऱ्या तर वाढतच होत्या. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. 1854 पासून चालत आलेल्या शासकीय कॉलेजच्या (सीओईपीच्या) भोवती पाहता पाहता डझनांनी कॉलेजं उभी राहिली. पुढे हिंजवडीचं आयटी पार्क आलं, कॅम्पस इंटरव्ह्यू आले, आणि ‘पॅकेज’ हा शब्द लग्नाच्या बोलणीत शिरला. त्याच सुमारास, 1990 च्या दशकात, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून कैलास काटकर आणि त्यांचे कॉम्प्युटर शिकणारे धाकटे बंधू संजय काटकर क्विक हीलपर्यंत पोहोचत होते. एकाकडे दुकानाचा अनुभव, दुसऱ्याकडे कॉलेजचं ज्ञान. त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी एका घरात एकत्र आल्या, आणि अशी घरं थोडीच असतात.

विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायच्या क्लबची कल्पना बाहेरून आली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये (आपल्या कोथरूडच्या नव्हे) 1990 मध्ये विद्यार्थ्यांची व्यवसाय आराखड्यांची स्पर्धा सुरू झाली. 1998 मध्ये आयआयटी मुंबईत ई-सेल निघाला. 2003 च्या सुमारास वाधवानी फाउंडेशनच्या आधाराने नॅशनल आंत्रप्रुनरशिप नेटवर्क सुरू झालं आणि त्याने गावोगावच्या कॉलेजांत क्लब काढायला, प्राध्यापकांना तयार करायला मदत केली. पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत ‘ई-सेल’ आणि ‘ई-वीक’ (उद्योजकता सप्ताह) हे शब्द त्या लाटेबरोबर आले. 2007 मध्ये पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर सुरू झालं आणि प्रयोगशाळेतल्या संशोधनातून कंपनी काढू पाहणाऱ्यांना जागा मिळाली.

मी क्लबमध्ये आलो तो 2009 साली. मंदीचे दिवस होते. वरच्या वर्गातल्या मुलांच्या हातात ऑफर लेटर होतं, पण रुजू व्हायची तारीख पुढे पुढे जात होती. क्लब म्हणजे सहा जण, एक कपाट, आणि सह्या करणाऱ्या एक मॅडम. गॅदरिंगला आम्ही कोकम सरबताचा स्टॉल टाकला. पंधरा रुपयाला ग्लास, दोन दिवसांत 160 ग्लास गेले. गल्ल्यात 2400 रुपये! कोकम आगळ आणि साखरेचे 900, ग्लासांचे 200 वजा केले आणि 1300 रुपये नफा झाला म्हणून आम्ही गुडलक चौकात बनमस्का खायला निघालो. मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, “बर्फ फुकट आला का रे?” बर्फाचे 480 मी खिशातून दिले होते आणि विसरलो होतो. टेबल-मांडवाचं भाडं 500 रुपये कॉलेजने नंतर कापून घेतलं. उरले 320. मग त्यांनी विचारलं, सहा जण किती तास उभे होते? आठ तास प्रत्येकी, म्हणजे 48 तास. ताशी सात रुपयेसुद्धा पडले नव्हते.

कॉस्टिंग हा विषय मला त्याच वर्षी परीक्षेला होता आणि त्यात मार्कही बरे पडले. पण ‘बर्फ फुकट आला का रे?’ हे वाक्य आजही कोटेशन लिहिताना कानात वाजतं. रविवार पेठेतल्या मुलाला हा धडा दहाव्या वर्षी मिळतो. मला तो एकोणिसाव्या वर्षी मिळाला, 980 रुपयांत, घरातल्या कुणाची झोप न उडता. क्लबकडून मुलांना मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट मी हीच समजतो : चूक स्वस्त असण्याच्या वयात पैशांच्या व्यवहारात पडायची सोय.

त्याच्या जोडीने बाकीचं येतं. अनोळखी माणसाशी बोलायची भीड चेपते. गेल्या वर्षी क्लबमधल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीबरोबर तपकीर गल्लीत सेन्सर घ्यायला गेलो होतो. आधी ती दुकानाबाहेरच घुटमळत होती. मग आत जाऊन म्हणाली, “काका, बारा नग घेतले तर काय भाव लावाल?” दुकानदार हसले. “ताई, बारात काय भाव तुटणार? शंभर न्या, मग बोलू.” ती परत आली ती शंभर नगांचा विचार घेऊनच. आणखी दोन कॉलेजांच्या क्लबांना तिने फोन लावले, तिघांची मागणी एकत्र केली, आणि पुढच्या आठवड्यात त्याच काउंटरवर जाऊन भाव पाडून घेतला. खरेदी एकत्र करून भाव मिळवणं हे तिला कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं.

प्रायोजक शोधताना नकार ऐकायची सवय लागते. लक्ष्मी रस्त्यावरच्या वीस दुकानांत फिरलं की अठरा जण ‘नंतर या’ म्हणतात, आणि ‘नंतर या’चा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा असतो, हे कळायला लागतं. पैसे कुणी हाताळायचे, पावती कुणाकडे राहील यावरून मित्रांची भांडणं होतात, आणि हिशेब वेळेवर लिहिला असता तर झाली नसती हेही समजतं. मेकॅनिकलच्या मुलाला बीकॉमची मैत्रीण इथेच भेटते आणि जीएसटीचं रिटर्न म्हणजे काय ते तिच्याकडून कळतं. क्लबमधली बहुतेक मुलं पुढे नोकरीच करतात. त्यात काही वावगं नाही. आपल्या कंपनीला पगार देण्यासाठी आधी कुठून तरी बिल वसूल व्हावं लागतं, हे ठाऊक असलेला माणूस नोकरीतही वेगळा वागतो.

2016 नंतर चित्र झपाट्याने बदललं. 16 जानेवारी 2016 ला ‘स्टार्टअप इंडिया’ची सुरुवात झाली. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि उष्मायनाचं (इन्क्युबेशन, म्हणजे नव्या कंपनीला सुरुवातीचा आधार देण्याचं) काम विद्यापीठांच्या रचनेतच आणलं. 2018 मध्ये राज्याचं स्टार्टअप धोरण आलं, आणि केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने कॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिल काढायला सुरुवात केली. 2019 च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात तर विद्यार्थ्याला स्टार्टअपसाठी एखादं सत्र किंवा वर्ष थांबता येईल, प्रकल्पाच्या जागी स्टार्टअपचं काम धरता येईल, अशा शिफारशी आहेत. सीओईपीमध्ये नव्या उद्योजकांसाठी भाऊ इन्स्टिट्यूट आहे, सिंबायोसिसचं स्वतंत्र केंद्र आहे. आम्ही कपाटाच्या किल्लीसाठी मॅडमना शोधत फिरायचो, त्या तुलनेत हे वैभवच आहे.

एक काळजी मात्र वाटते. अलीकडे काही ठिकाणी क्लबचं वर्ष अहवालात जातं. किती कार्यक्रम झाले, किती फोटो अपलोड केले, किती मुलं हजर होती. एका कॉलेजात मी बोलायला गेलो होतो. दोनशे मुलं सभागृहात आणून बसवलेली, फोटो झाले आणि तासाभरात सगळं आवरलं. त्या वर्षी क्लबने एकाही वस्तूची विक्री केली नव्हती. भाषण देणारा मीच होतो, तरी सांगतो, त्या तासापेक्षा सरबताचा एक स्टॉल जास्त शिकवतो. मॅडमसारखा बर्फाचा हिशेब विचारणारा माणूस तिथे हवा, एवढंच.

आणि दुसरी गोष्ट वेळेची. क्लबच्या बैठका बहुतेक संध्याकाळी पाचनंतर असतात. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणारी मुलं तेव्हा कामावर असतात, सासवड किंवा राजगुरुनगरहून येणारी मुलं स्वारगेट-शिवाजीनगरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत उभी असतात. जिच्या घरी पाच एकर अंजीर आहे आणि व्यापारी ठरवील तो भाव घ्यावा लागतो, ती मुलगी बैठकीला नसतेच. शहरातल्या एका कॉलेजच्या क्लबने यंदा बैठक सकाळी साडेसातला, पहिल्या तासाच्या आधी घेऊन पाहिली. पहिल्या दिवशी आलेल्यांत पुरंदरची तीन मुलं होती. पिशवीतून एकाने घरचे अंजीर काढून टेबलावर ठेवले, आणि अर्ध्या किलोच्या खोक्याला किती खर्च येईल यावरच त्यांची बैठक सुरू झाली.