सेंट्रल कालाहारीला जायचं तर पावसाळ्यात

‘आफ्रिकेची सफारी तिथल्या कोरड्या दिवसांत, म्हणजे जून ते ऑक्टोबरमध्येच करावी, तिथल्या पावसाळ्यात प्राणी दिसत नाहीत,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. बोट्स्वानातल्या चोबे नदीकाठी तो खरा ठरतो, कारण कोरड्या दिवसांत प्राणी पाण्यापाशी गोळा होतात. पण त्याच देशातल्या सेंट्रल कालाहारी अभयारण्यात बारमाही नदीच नाही! १९६१ साली राखीव झालेल्या या सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर प्रदेशात कोरड्या महिन्यांत प्राणी चाऱ्यासाठी दूरदूर पांगतात.

साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये पाऊस झाला की डिसेप्शन व्हॅलीसारख्या केव्हाच आटलेल्या नदीपात्रांत कोवळं गवत उगवतं. त्यावर स्प्रिंगबॉक आणि गेम्सबॉक या हरणांसारख्या प्राण्यांचे कळप उतरतात, त्यांच्यामागोमाग चित्ते आणि काळ्या आयाळीचे सिंह. हे सोडून कोरड्या दिवसांत कशाला जायचं?

तयारी मात्र कडक हवी. ओल्या चिकणमातीत चाकं रुततात, म्हणून दोन गाड्या न्याव्यात. पाणी आणि डिझेल सोबतच घ्यायचं. रेडिएटरपुढे बारीक जाळी बांधाच. गवताचं बी तिथे साचलं की इंजिन तापतं, आणि गाडीच्या पोटाखाली अडकलेलं वाळकं गवत तर पेटतंही. ते रोज, थांबाल तिथे वाकून काढा.