खाद्यविक्रीची नोंदणी आणि परवाना (गाडी, टपरी, हॉटेल)

वडापावची गाडी असो, चहाची टपरी असो की एसी हॉटेल, खायचं काही विकायचं तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर लागतो. ही सक्ती २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातली, अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून. कलम ३१ प्रमाणे फेरीवाले, छोटे उत्पादक आणि तात्पुरते स्टॉलवाले यांना लायसन्स माफ आहे, नोंदणी मात्र माफ नाही.

२०११ च्या नियमांत नोंदणीची मर्यादा वर्षाला १२ लाख उलाढाल अशी ठेवली होती, त्याच्या वर लायसन्स, आणि नोंदणीची फी वर्षाला फक्त १०० रुपये; २०२६ मध्ये ही मर्यादा दीड कोटी झाली. बऱ्याच जणांना वाटायचं १२ लाख म्हणजे नफा, पण तसं नाही, गल्ल्यात आलेले सगळे पैसे धरायचे, म्हणजे २० रुपयांचा वडापाव रोज साधारण १६५ गेला की वर्षात १२ लाख झालेच, त्यामुळे तेव्हा स्टेशनबाहेरची चालती गाडी सहज लायसन्सच्या गटात जाऊ शकत होती. अर्ज फॉसकॉस या एफएसएसएआयच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, फोटो आणि ओळखपत्र लागतं, स्वतःला भरता येतो. तरी लोक एजंटला कितीतरी जास्त पैसे देतात ते वेगळंच. महाराष्ट्रात पुढचं काम अन्न व औषध प्रशासन बघतं, लोकांच्या भाषेत एफडीए.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागेवरून. हा नंबर म्हणजे फुटपाथवर उभं राहायची परवानगी नाही!! ती महापालिका किंवा नगरपालिका देते, २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली, आधी सर्व्हे, नगर पथविक्रेता समिती, मग विक्री प्रमाणपत्र. अतिक्रमणवाले आले आणि गाडीवाल्याने एफएसएसएआयचा कागद पुढे केला तर त्याने गाडी वाचत नाही. हॉटेलवाल्याला तर पालिकेचा आरोग्य परवाना, फायर एनओसी, शॉप अॅक्ट असं बरंच काही वेगळं करावं लागतं.

स्वच्छतेच्या अटी २०११ च्याच नियमांच्या शेड्यूल ४ मध्ये आहेत. पिण्यायोग्य पाणी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, कापलेली नखं, आजारी माणसाने पदार्थाला हात न लावणं वगैरे. तळायच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेच तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे, पण गाडीवर ते मोजणार कोण आणि कशाने हा प्रश्नच आहे. वर्तमानपत्रात भजी बांधून द्यायलाही मनाई आहे. फॉस्टॅक या एफएसएसएआयच्या अन्न सुरक्षा ट्रेनिंगमध्ये दर २५ कामगारांमागे एक शिकलेला सुपरवायझर अशी कल्पना आहे.

नुसता नंबर लावलाय म्हणून गिऱ्हाईकाने निर्धास्त राहू नये. नोंदणीच्या अर्जावर ७ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर छोट्या विक्रेत्याला धंदा सुरू करता येतो, तपासणी नंतरही होऊ शकते, त्यामुळे कढई आणि पाण्याचा ड्रम आपला आपणच बघून घ्यावा. बिल मिळत असेल तर १ जानेवारी २०२२ पासून त्यावर नंबर छापणं बंधनकारक आहे, गाडीवर बिल नसतं, तिथे प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं.