रेघ सरळ झाली म्हणजे पेशंट गेला? नाही ओ

सोलापुरात कुणाचं माणूस आयसीयूत असलं की बाहेर बसलेल्यांत एकजण तरी सांगतोच, मॉनिटर टूंऽऽ करून रेघ सरळ झाली की खेळ खल्लास, मग शॉक देऊन परत आणतात. पिक्चर बघून डोक्यात बसलंय हे सगळं.

मॉनिटरला हृदय दिसत नसतं ओ, छातीवर चिकटवलेल्या पॅचमधून येणारा एखाद मिलीव्होल्टचा सिग्नल तेवढा तो वाचतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घामानं पॅच सुटला किंवा कूस बदलताना वायर निघाली तर पेशंट चहा मागत असला तरी रेघ सरळ. बऱ्याच मशीन अशा वेळी लीड (म्हणजे ती वायर) सुटल्याचा वेगळा अलार्म देतात, पण पॅच अर्धवट चिकटलेला असला की त्याही फसतात. उलटंपण होतं, पेशंटनं दात घासले तरी त्या हलण्यानं रेघ अशी नाचते की मशीनला जीवघेणी गडबड वाटते! म्हणून सिस्टर आधी पेशंटकडं बघतात, मग बोटाला लावलेल्या क्लिपमुळं मॉनिटरवर दिसणारी नाडीची लाट. ती नीट चालू असली तर बहुतेक वायरचाच घोळ.

शिवाय किती ठोक्यांवर अलार्म वाजायचा ती लिमिट माणसानंच लावलेली असते. खाली ५० लावली आणि तालमीतल्या गड्याचे ठोके झोपेत ४६ झाले की वाजणारच.

आता शॉकचं. खरंच सरळ रेघ असली तर शॉक देतच नाहीत, छाती दाबतात आणि ॲड्रेनलिन नावाचं औषध देतात. शॉक लागतो तो नाडी गेलेली आणि रेघ वेडीवाकडी थरथरत किंवा भलत्याच वेगानं पळत असते तेव्हा.