औषधाशिवाय आटलेली गाठ

चौथ्या स्टेजचा फुफ्फुसाचा कॅन्सर, बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर पक्का झालेला, पेशंटने काही कारणाने ट्रीटमेंट घेतलीच नाही आणि काही महिन्यांनी सीटी स्कॅन काढला तर गाठ निम्म्याहून लहान! अशा केसेस खरंच झाल्यात, मेडिकल जर्नल्समधे छापून आल्यात, पण इतक्या कमी की बहुतेक कॅन्सरतज्ज्ञांना आख्ख्या करिअरमधे एकही बघायला मिळत नाही. एव्हरसन आणि कोल या अमेरिकन सर्जननी १९०० पासूनचे रिपोर्ट्स चाळून १९६६ साली सगळ्या प्रकारच्या कॅन्सरच्या मिळून फक्त १७६ केसेस ग्राह्य धरल्या, त्यातही किडनीचा कॅन्सर, मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) आणि लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर यांचाच भरणा जास्त.

बायोप्सीवर एवढा जोर का, तर न्यूमोनियाचा किंवा टीबीचा डाग स्कॅनवर हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो आणि तो गेला की लोकांना वाटतं कॅन्सर गेला. शिवाय गाठ आटली म्हणजे पेशंट बरा झाला असंही नाही, ती परत वाढू शकते.

मग हे होतं कसं? सगळ्यात जास्त संशय आपल्या इम्युनिटीवर आहे. आणि यातला मला सगळ्यात थक्क करणारा पुरावा फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 'स्मॉल सेल' नावाच्या प्रकारात सापडतो. या कॅन्सरच्या पेशी 'हू' नावाची प्रोटीन्स बनवतात, जी एरवी मज्जापेशींत, म्हणजे मेंदू आणि नसांच्या पेशींत असतात. काही पेशंटमधे इम्युनिटी ती ओळखते आणि हल्ला सुरू करते, त्यात गाठ लहानच राहते, क्वचित आपोआप आटतेसुद्धा, पण त्याच हल्ल्यात मज्जापेशीही मरतात, म्हणून हातपाय बधिर होणं, तोल जाणं, विसरायला होणं हे बऱ्याचदा कॅन्सर सापडायच्या कितीतरी महिने आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे शरीर लढत होतं, पण त्याची किंमत फार मोठी.

बाकीच्या बहुतेकांत ही लढाई दबलेली असते, कारण बऱ्याचदा गाठ टी पेशींचा (इम्युनिटीच्या हल्ला करणाऱ्या पेशींचा) पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून धरते. तो ब्रेक जपानी शास्त्रज्ञ होंजोंच्या टीमला १९९२ मधे सापडला, तसाच दुसरा ब्रेक सोडवून अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलिसन यांनी उंदरांमधल्या गाठी घालवल्या, दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. २०१५ पासून अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरला पीडी-१ अडवणारी औषधं मिळतायत. २०२२ मधे या कॅन्सरने जगात १८ लाखांवर माणसं गेली, तेव्हा आपोआप आटेल म्हणून कुणी ट्रीटमेंट लांबवू नये असं मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं, जे लाखात एखाद्याचं आपोआप होतं त्याच्याच जवळचं काहीतरी आता सलाईनमधून बऱ्याच जणांना देता येतं.

फक्त ब्रेक सुटला की टी पेशी कधी थायरॉईडवर, कधी आतड्यावर, कधी चांगल्या फुफ्फुसावरही तुटून पडतात, त्यामुळे या औषधांवर असताना नवीन खोकला, दम किंवा जुलाब सुरू झाले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, लवकर कळलं तर स्टेरॉइड देऊन हा हल्ला बऱ्याचदा आवरता येतो.