उकंडा

उकंडा : (पुल्लिंगी नाम) घरचा केर, गोठ्यातले शेण, चुलीची राख साठवण्याची जागा, तो ढीगही. प्रमाण मराठीतल्या ‘उकिरडा’चे हे नागपूर-वऱ्हाडाकडचे रूप. गुजरातीत ‘उकरडो’, प्राकृतात ‘उक्कुरुड’. मुळाशी संस्कृत ‘उत्’ + ‘कॄ’ (विखुरणे, उकरून वर टाकणे) हा धातू दिसतो, ‘उकरणे’ही त्यातलेच. वैदिक यज्ञात वेदीची उकरलेली माती आणि झाडलोट टाकायच्या ठरलेल्या जागेला ‘उत्कर’ म्हणत. म्हणजे यज्ञभूमीलाही उकंडा होता.

कचरा फेकून द्यायचा असतो, उकंडा राखायचा असतो. अर्थातला हा फरक कोशांत सहसा निसटतो. नागपूरकडच्या खेड्यांत घरोघरचा उकंडा वेगळा असे. त्यात जनावरांनी उष्टावलेले कुटार (भुसा), धानपट्ट्यात तणस (भाताचा पेंढा), पालापाचोळा पडे. वर्षभर कुजलेले हे खत पावसाळ्याआधी बंडीत (बैलगाडीत) भरून वावरात नेत. दिवाळीत तिथे दिवा लावण्याची रीतही आहे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची खत करण्याची ‘नाडेप’ पद्धत हा एका अर्थी शिस्तीत बसवलेला उकंडाच : विटांचे जाळीदार टाके, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि सुमारे ३ ते ४ महिन्यांत खत.

शब्दाचा सर्वांत बोलका वापर मात्र माणसांच्या नावांत आहे. उकंडा, उकंडराव, उकर्डा ही नावे विदर्भातल्या जुन्या पिढीत आढळतात. आधीची लेकरे दगावली, की नव्या बाळाला क्षणभर उकंड्यावर ठेवायचे आणि टाकलेले पोर उचलून आणल्यासारखे घरात घ्यायचे. टाकाऊ वस्तूवर दृष्ट कोण लावणार, आणि मृत्यू तरी ती कशाला नेईल, असा हिशेब! कचरू, धोंडू, दगडू याच गोतातले. नाव हिणवण्यासाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी ठेवलेले असे. शाळेत मात्र त्या पोरांची थट्टा व्हायची ती झालीच.

‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ ही म्हण आणि ‘उकिरडे फुंकणे’ (रिकामटेकडे भटकणे) हा वाक्प्रचार सर्वत्र चालतात.

नागपूर शहराचा कचरा भांडेवाडीला जातो. त्या जागेला कोणी उकंडा म्हणत नाही, ‘डम्पिंग यार्ड’ म्हणतात. शहरात हा शब्द उरला आहे तो मुख्यतः रागात : ‘खोलीचा पार उकंडा करून ठेवला बे!’