टीम जुळते ती थांब्यांवर

पेशंटला भूल दिली आहे, कातडी निर्जंतुक करून झाली आहे, सर्जनच्या हातात ब्लेड आलं आहे. नेमक्या याच क्षणी सगळ्यांनी हात थांबवायचे आणि प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. नवख्याला हे शाळेतल्या हजेरीसारखं वाटेल. पण सिस्टर दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेली असते, भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावलेले असतात, असिस्टंट कालच रुजू झालेला असतो. ही टीम सकाळी तयार होते आणि दुपारी पांगते. एकमेकांची सवय व्हायला तिच्याकडे वेळच नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणलेल्या सर्जिकल चेकलिस्टमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या यादीत, मुद्दे फक्त १९ आहेत आणि थांबे तीन. पहिला भूल देण्याआधी: पेशंट तोच ना, ऑपरेशनची बाजू मार्करनं दाखवली आहे ना, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का. दुसरा चिरा देण्याआधी: नावं, ऑपरेशन कोणतं, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का, आणि कोणाला कशाची धास्ती वाटते. तिसरा पेशंट ऑपरेशन थिएटरबाहेर (ओटीबाहेर) नेण्याआधी: हत्यारं, मॉप (रक्त टिपायची कापडं) आणि सुया मोजून झाल्या का, तपासणीला जाणाऱ्या नमुन्यावर पेशंटचं नाव आहे का.

दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर उतरलं होतं. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून थंड पाणी ओतणारी बातमी आली. तिथल्या १०१ रुग्णालयांत यादी लागू झाल्यावर मृत्यूचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के झालं, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात काहीच बदललं नाही. कागदोपत्री मात्र यादी जवळपास सगळीकडे वापरात होती. या निकालाची कारणं काय यावर बराच वाद झाला. पण फॉर्मवर खुणा होणं आणि लोक खरोखर थांबणं यांतलं अंतर ओटीतल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. सर्जन हात धूत असतानाच खुणा करून टाकल्या, तर कागद पूर्ण होतो, थांबा मात्र झालेला नसतो.

नाव सांगण्याचा उपयोग ओळखीपुरता नाही. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे बोलायला कमी कचरतो, आणि शेवटच्या मोजणीत हेच कामाला येतं. दहा मॉप दिले होते, नऊच परत आले. आता सर्वांत कनिष्ठ सिस्टरनं सर्वांत ज्येष्ठ सर्जनला ‘टाके घालू नका’ म्हणायचं आहे. तिनं म्हटलं, तर बादली, चादरी आणि टेबलाखालची फरशी तपासली जाते. तरीही सापडला नाही, तर एक्स-रे काढतात; मॉपमध्ये त्यासाठीच एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. ती गप्प बसली, तर या धाग्याचा काही उपयोग नाही.

टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या औषधांमधल्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले, चांगल्या टीमच्याच चुकांची नोंद जास्त होती. पुढे उलगडा झाला तो असा, की या टीम चुका लपवत नव्हत्या. म्हणून ‘आमच्याकडे चुका होतच नाहीत’ असं सांगणाऱ्या विभागाकडे जरा संशयानं पाहावं.

ऑफिसात टीम महिनोन्‌महिने चालते, मग तिथे थांबे कशाला? व्यवस्थापनाच्या वर्गात टीम घडण्याचे चार टप्पे घोकून घेतात: जमणं, भांडणं, नियम बसणं, कामाला लागणं. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये हे मांडलं ते ५० अभ्यास चाळून. पण त्यांतले बहुतेक मानसोपचाराच्या आणि प्रशिक्षणाच्या गटांवरचे होते, हे सहसा कोणी सांगत नाही. व्यवस्थापनाच्या संशोधक कॉनी गर्सिक यांनी आठ टीम पहिल्या बैठकीपासून शेवटपर्यंत पाहिल्या आणि १९८८ मध्ये वेगळंच चित्र मांडलं. पहिल्याच बैठकीत जी रीत पडली तीच पुढे चालू राहिली. आणि मुदत आठवड्याची असो की सहा महिन्यांची, जवळजवळ अर्ध्या वेळेला प्रत्येक टीम खडबडून जागी झाली आणि तिनं कामाची पद्धत बदलली.

तेव्हा काम सहा आठवड्यांचं असेल, तर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दीड तास आजच राखून ठेवा. पहिल्या बैठकीत कोण काय करणार यासोबत काम अडलं तर कोणाला, किती वेळात कळवायचं तेही ठरवा. मधल्या बैठकीत स्लाइड नकोत. काय सोडून द्यायचं आणि कोणाची मदत हवी, एवढंच बोला. सुरुवात सर्वांत नव्या माणसापासून करा. साहेब आधी बोलले, की बाकीच्यांच्या वहीतले मुद्दे वहीतच राहतात.